नाडी कोणाच्या हाती?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला जो विषय नेमून दिला तो असा : मनगटावर बांधायचे आरोग्य-घड्याळ आणि त्याच्या जोडीला मोबाईलमध्ये असणारे अ‍ॅप, यांत सुधारणा कोणती व्हावी? या विषयापुढे आमचे नाव पाहून काही मंडळींना नवल वाटले असेल. कालचे व्याख्याते डॉक्टर, उद्याचे इतिहासाचे प्राध्यापक, आणि मध्येच सातवीनंतर शाळा सुटलेला, हमालांच्या, यंत्रमाग कामगारांच्या आणि फौंड्रीतल्या लोकांच्या युनियनची दफ्तरे सांभाळण्यात तीस वर्षे घालवलेला मनुष्य! आम्ही डॉक्टर नव्हे, इंजिनियर तर नव्हेच नव्हे. जे काही वाचले ते संपाच्या दिवसांत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि एस. टी.च्या प्रवासात. तरी विषय आम्ही आनंदाने घेतला, कारण घड्याळ हा आमच्या चळवळीचा फार जुना विषय आहे. आमच्याइतके घड्याळाशी भांडलेले लोक दुसरे कोणी नसतील.

थोडी मागची हकीगत सांगितली पाहिजे. १९०६ साली देशाला एक प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. गिरणीने ही वेळ धरली म्हणजे कामगाराने ३९ मिनिटे आधी, अंधारात, उठायचे. मुंबईच्या गिरणी कामगारांत त्यावरून असंतोष उसळला आणि काम बंद पडले. पुढे अमेरिकेत टेलर नावाच्या इंजिनियराने हाती स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या एकेका हालचालीला किती सेकंद लागतात हे मोजण्याचे शास्त्र काढले. १९११ च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्र-कारखान्यात ते स्टॉपवॉच ओतकाम करणाऱ्यांसमोर आले. एकाने मोजून घेण्यास नकार दिला, त्याला काढले, आणि बाकीचे हत्यारे ठेवून बाहेर पडले. प्रकरण अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेले, आणि १९१५ साली सरकारी शस्त्र-कारखान्यांत स्टॉपवॉच लावण्यास बंदी झाली. आपल्याकडे १९२८ साली मुंबईच्या कापडगिरण्या सहा महिने बंद राहिल्या, त्यामागे एका विणकराने दोनांच्या जागी तीन माग चालवावेत ही मागणी होती. तीही याच हिशेबी विद्येची धाकटी बहीण.

परंतु ते घड्याळ मुकादमाच्या हातात असे. आता घड्याळ कामगाराच्याच मनगटावर आले आहे, आणि ते हातांची चपळाई मोजून थांबत नाही, सरळ नाडीवर बोट ठेवते. 'अमक्याच्या नाड्या तमक्याच्या हातात आहेत' असे आपण मराठीत सहज म्हणून जातो. ही म्हण आता अक्षरशः खरी होण्याची वेळ आली आहे. म्हणून सुधारणेचा विचार करताना घड्याळ चांगले की वाईट हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. ते सुधारायचे कोणासाठी आणि कोणाला विचारून, हे आम्ही पाहणार आहोत.

प्रथम हे यंत्र चालते कसे ते पाहू. पूर्वी वैद्यबुवा येत, तीन बोटे मनगटावर ठेवीत आणि डोळे मिटून बसत. घड्याळाच्या पोटाशी बोटांऐवजी एक हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोका पडला की मनगटातले रक्त क्षणभर वाढते, तेवढा कमी प्रकाश परत येतो. शेजारीच प्रकाश मोजणारा एक बारीक डोळा असतो, तो हा चढउतार टिपतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. घड्याळात आणखी एक यंत्र असते, ते हाताचे झोके पाहते आणि झोक्यांवरून पावलांचा अदमास काढते. ही सारी माहिती ब्लूटूथवरून मोबाईलकडे जाते. (ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचे आहे, यंत्रवाल्यांनाही राजे लागतातच!) मोबाईलमधले अ‍ॅप तिचा अर्थ लावते, आणि बहुधा तेथून ती कंपनीच्या दूरदेशीच्या संगणकात जाऊन बसते. म्हणजे घरे तीन : मनगट, मोबाईल आणि कंपनी. बिघाड तिन्ही घरांत होतो. पण लबाडी बहुतेक शेवटच्या दोन घरांत होते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. ठोके हे मोजलेले असतात, पावले अदमासाने काढलेली असतात, आणि झोप किती गाढ लागली, मनावर ताण किती, किती कॅलरी जळल्या, हे सगळे अदमासावरचे अदमास. परंतु अ‍ॅप हे सर्व आकडे एकाच टपोऱ्या अक्षरांत, एकाच ठामपणाने दाखवते. आमच्या कार्यालयातल्या एका पोराने आपले स्वस्तातले घड्याळ गमतीने केळ्याला बांधले. केळ्याची नाडी मिनिटाला ७८ निघाली! सगळी सभा हसली, आणि हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आपापल्या मनगटाकडे पाहिले. दुकानातला तराजू वजन-मापवाल्याचा शिक्का असल्याशिवाय चालत नाही. येथे मात्र तराजूवाला स्वतःच शिक्का मारतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला तर फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना जाहीर इशारा द्यावा लागला, की कातडीला टोचल्यावाचून रक्तातली साखर सांगतो म्हणणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका. आपल्या गावात मधुमेहाचे घर नाही असा वाडा सापडणे कठीण. त्यांनी हे वाक्य घरी जाऊन दोनदा सांगावे.

तेव्हा आमची पहिली मागणी अगदी साधी आहे. जे मोजले ते एका रंगात दाखवा, जे अदमासाचे ते दुसऱ्या रंगात. आणि जेथे कळत नाही तेथे 'कळत नाही' असे लिहा. कळत नाही म्हणायला माणसाला लाज वाटते. यंत्राला वाटण्याचे कारण नाही.

आमच्या युनियनमध्ये दवाखान्यात सफाईचे काम करणाऱ्या एक मावशी आहेत. मुलाने त्यांना हौसेने घड्याळ आणून दिले. चार दिवसांनी त्या आल्या आणि म्हणाल्या, "दादा, हे म्हणतंय माझ्या हातात जीवच नाही." पाहतो तो आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. मावशींच्या दोन्ही मनगटांवर दाट गोंदण. गोंदणाची शाई दिव्याचा प्रकाश अडवते, मग डोळ्याला काय दिसणार? हे यंत्र करणाऱ्यांनी खेड्यातली आजी कधी समोर बसवली नाही, एवढाच त्याचा अर्थ. याच जातीची दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बोटाला लावून प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर करोनाच्या दिवसांत आपण सर्वांनी घरोघर आणले. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतून एक संशोधन प्रसिद्ध झाले. रक्तातला प्राणवायू खरोखर धोक्याइतका उतरलेला असताना यंत्र मात्र 'ठीक आहे' म्हणते, असे काळ्या रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडत होते. प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्राला कातडीचा रंग आडवा येतो. आपण सावळे लोक. हे आपल्याला कोणी दुकानात सांगितले होते काय?

आता कामाच्या जागेकडे येऊ. आमच्या मार्केट यार्डातला हमाल घ्या. ५० किलोचे पोते पाठीवर घेतले की त्याचे दोन्ही हात डोक्यामागे पोते धरून घट्ट राहतात. हात हलत नाही, म्हणून घड्याळ पावलेही धड मोजत नाही. पोते टाकून तो मोकळा परत फिरतो तेव्हा हात झुलतात, आणि तेव्हा मात्र पावले भराभर पडू लागतात. म्हणजे भरल्या खेपेचा पत्ता नाही आणि रिकाम्या खेपेला शाबासकी! हमालाच्या हातात पोते ओढायचा लोखंडी आकडा असतो. एका जुन्या हमालाने हे ऐकून म्हटले, "अण्णा, माझा आकडा खरा आहे, ह्याचा खोटा." उलट यंत्रमागावरचा कामगार एका जागी उभा असतो, पण धागा सांधताना, कांडी बदलताना त्याचा हात सारखा झटके घेतो, त्याच्या नावावर घड्याळ कोसभर चाल लिहून टाकते. रात्रपाळीवाल्याची गंमत आणखी निराळी. अ‍ॅपचा दिवस रात्री बारा वाजता संपतो. त्याची पाळी त्या वेळी मध्यावर आलेली असते. अर्धे काम काल झाले, अर्धे आज. आणि सकाळी नऊ वाजता तो झोपला की अ‍ॅप त्या झोपेला दुपारची डुलकी समजते. कारखाना तीन पाळ्यांत चालतो हे शंभर वर्षे सर्वांना ठाऊक आहे. अ‍ॅपला दिवस कोठे सुरू करायचा हे विचारायला काय लागते? एक प्रश्न, दोन बटणे.

आणि हे १०,००० पावलांचे व्रत कोणत्या ऋषीने सांगितले? १९६५ साली जपानात पावले मोजणारे एक यंत्र विक्रीला आले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव सुटसुटीत, आकडा वाटोळा, माल खपला. पुढे आकड्याला शास्त्राची वस्त्रे चढली. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसले, आणि ७,५०० च्या आसपास गेल्यावर जास्तीच्या चालण्याचा जास्तीचा लाभ दिसेना. म्हणजे आमच्या आयाबायांनी १०,००० पुरे झाले नाहीत म्हणून रात्री अंगणात फेऱ्या मारण्याची गरज नाही.

येथवरच्या तक्रारी दुरुस्तीच्या आहेत. पण या विषयाचा गाभा पुढे आहे.

या सर्व अ‍ॅपांनी मनात एक माणूस धरलेला आहे. तो दिवसभर खुर्चीवर बसतो, त्याला कोणीतरी उठवले पाहिजे, चालवले पाहिजे. अशी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांना उठवावे हे योग्यच. या सभागृहातही असतील. परंतु आमचा फौंड्रीतला माणूस भट्टीपुढे दोन तास उभा राहून, घामाने निथळून एका पिंपावर टेकतो, आणि तासाभराने मनगटावर गुरगुर होते : 'बराच वेळ बसलात, आता उठा!' याला काय म्हणावे? कोपनहेगनमध्ये १,०४,०४६ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. फावल्या वेळात हौसेने केलेल्या हालचालीने हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी झालेला दिसला. नोकरीत कराव्या लागणाऱ्या कष्टाच्या हालचालीने तो वाढलेला दिसला. हालचाल तीच, धोका उलटा. संशोधक याला विरोधाभास म्हणतात. आमच्या हमालीणबाईंना तो विरोधाभास वाटणार नाही. स्वतःच्या मर्जीने चालणारा दमला की थांबतो. मुकादमाच्या मर्जीने चालणाऱ्याला थांबता येत नाही. ज्याचे जळते त्याला कळते.

म्हणून कष्टकऱ्याला पावलांचा हिशेब नको, विश्रांतीचा हिशेब हवा. आणि त्यासाठी नवे शास्त्र शोधावे लागत नाही. अमेरिकेच्या सरकारी कामगार-सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शिकेत उष्णतेत काम करणाऱ्यांसाठी एक नियम दिला आहे. तो इतका सोपा आहे की आम्ही भिंतीवर लिहून ठेवला आहे. विश्रांतीला बसताच ३० सेकंद मनगटाची नाडी मोजा. मिनिटाला ११० च्या वर भरली तर कामाची पुढची पाळी एकतृतीयांशाने कमी करा, विश्रांती मात्र तेवढीच ठेवा. पुढच्या विश्रांतीलाही ती ११० च्या वर असेल तर आणखी एकतृतीयांश कमी करा. ४५ मिनिटांची पाळी असेल तर ३० ची, मग २० ची. बस्स.

यातली खुबी पाहा. हे घड्याळ हलत्या, घामेजलेल्या हातावर चुकते. स्थिर हातावर ते बरेचसे बरोबर येते. आणि नियमाला हवी आहे ती बसल्या क्षणीची नाडी. म्हणजे यंत्र जेथे खरे बोलते नेमके तेथलेच उत्तर आपल्याला पाहिजे आहे! अ‍ॅपमध्ये ही एक गोष्ट घालावी : कामगाराने बसल्यावर बटण दाबावे, अर्ध्या मिनिटाने अ‍ॅपने मराठीत सांगावे की पाळी कमी करा किंवा चालेल. एक सावधगिरी मात्र हवी. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी दाबून धरतात; त्या घेणाऱ्याची नाडी ११० वर चढणारच नाही आणि अ‍ॅप त्याला 'चालेल' म्हणून भट्टीवर पाठवील. तेव्हा अ‍ॅपने आधी गोळीचे विचारावे, आणि उत्तर होय असेल तर 'डॉक्टरांना विचारल्यावाचून माझे ऐकू नका' असे म्हणावे. कामगार विम्याच्या दवाखान्यात डॉक्टरपुढे रांग असते, त्याला तीस पाने आलेख पाहण्यास सवड नसते. एका पानावर, एका दृष्टीत वाचता येईल असा आठवड्याचा गोषवारा निघाला तर तो पाहील.

घड्याळाचा उपयोगच नाही असे आम्ही म्हणत आहोत असे कोणी समजू नये. अमेरिकेत एका घड्याळ-कंपनीने पैसा पुरवलेला आणि विद्यापीठाने चालवलेला एक अभ्यास झाला. त्यात ४,१९,२९७ लोकांनी भाग घेतला. नाडी अनियमित असल्याचा इशारा आला तो हजारी पाचांना. त्यांतल्या ज्यांनी पुढे छातीवर पट्टी लावून तपासून घेतले, त्यांच्यापैकी एकतृतीयांशांत हृदयाच्या लयीचा तो दोष सापडला. ज्याला सापडला त्याला पक्षाघातापासून वाचण्याची संधी मिळाली. हे थोडे नाही. आम्हांला तर हीच नाडी आमच्या बाजूची साक्षीदार म्हणून हवी आहे. भट्टीपुढे फार ऊन लागते असे आम्ही मालकाला सांगतो, तेव्हा मालक म्हणतो, 'तुम्हांला वाटते.' महिनाभराच्या नाड्या टेबलावर ठेवल्या म्हणजे 'वाटते' हा शब्द मागे घ्यावा लागेल.

पण साक्षीदार कोणाच्या ताब्यात? येथे तिसरे घर येते.

एका कारखान्याच्या व्यवस्थापनाने (नाव सांगत नाही, बोलणी चालू आहेत) यंदा आमच्यापुढे प्रस्ताव ठेवला. सर्व कामगारांना फुकट घड्याळ, मोबाईलमध्ये अ‍ॅप, आणि जो ठरलेले गुण मिळवील त्याच्या कुटुंबाच्या आरोग्य-विम्याच्या हप्त्यात सूट. पोरे खूष झाली. फुकट घड्याळ कोणाला नको? आम्ही म्हटले, जरा थांबा, हे नाटक दुसरीकडे होऊन गेले आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया नावाचे राज्य आहे. तेथील सरकारी नोकरांच्या विमा-संस्थेने असेच एक अ‍ॅप आणले होते. पावले मोजा, गुण मिळवा. आणि न मिळवाल तर महिन्याला २५ डॉलर दंड, शिवाय विमा सुरू होण्याआधी पदरचा जो खर्च करावा लागतो त्यात वर्षाला ५०० डॉलरची वाढ. शिक्षक संतापले. पगार आधीच तुटपुंजा, त्यात आता किती चाललो हेही सरकारला सांगायचे! अ‍ॅपची सक्ती राज्यपालांना संपाआधीच मागे घ्यावी लागली. तरी राग शमला नाही, आणि २२ फेब्रुवारी २०१८ ला संप सुरू झाला. ५५ च्या ५५ जिल्ह्यांतील शाळा बंद. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ५ टक्के पगारवाढ पदरात पडली तेव्हाच शाळा उघडल्या. बक्षिसाचीच दुसरी बाजू दंड असते. सूट न मिळालेल्याला विचारा, ती दंडच असते.

आपल्या राज्यातही मासला आहे. नागपूर महापालिकेने, आणि पुढे चंदीगडनेही, सफाई कामगारांच्या मनगटावर त्यांचा ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधली. ती आरोग्याची नव्हती, हजेरीची होती. पण पट्टा तोच, मनगट तेच. आरोग्याच्या घड्याळातही ठावठिकाणा सांगणारे यंत्र पुष्कळदा असतेच. आणि स्त्रियांच्या बाबतीत अ‍ॅप मासिक पाळीच्या तारखा विचारते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण आठवा. खाडा पडला की मजुरी कापली जाते, म्हणून बायका त्या टोकाला जातात, हे सर्वांसमोर आले आणि २०१९ साली राज्यसरकारला चौकशी समिती नेमावी लागली. असल्या मुलखात बाईच्या शरीराचे कॅलेंडर मुकादमाच्या किंवा मालकाच्या हाती जाऊ द्यायचे नसते. हे सांगायला कायदा लागू नये.

कायदा आहे, आणि तो आम्ही कलमवार वाचला आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात संमती मोकळी, नेमकी आणि अटीवाचून दिलेली असावी असे सहाव्या कलमात छान म्हटले आहे. पुढच्याच सातव्या कलमात मात्र 'नोकरीच्या प्रयोजनासाठी' संमतीवाचूनही माहिती वापरता येईल अशी खिडकी ठेवली आहे. आरोग्याच्या माहितीला वेगळे कुंपण या कायद्यात घातलेले नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांतली बरीचशी बंधने दीड वर्षाने लागू होतील अशी तरतूद आहे. तेव्हा जे मिळवायचे ते करारात लिहून घेतले पाहिजे. कायद्याच्या भरवशावर बसून चालणार नाही.

आमच्या मागणीपत्रात म्हणून असे लिहिले आहे : घड्याळ घालणे ऐच्छिक, न घालणाऱ्यास ना सूट कमी ना दंड. नाडी, झोप, पाळी यांची नोंद कामगाराच्या मोबाईलमध्येच राहील, बाहेर जाणार नाही. फौंड्रीत विश्रांतीच्या नाडीचा नियम लागू, आणि त्याचा हिशेब दाखवायचा की नाही हे कामगार ठरवील. दाखवला तर तो युनियनच्या मार्फत, नावे काढून. व्यवस्थापनाचे तरुण अधिकारी सभ्य आहेत. ते म्हणाले, "अण्णा, अ‍ॅप कंपनीचे असते, ते असे बदलता येत नाही. माहिती त्यांच्या संगणकात गेल्याशिवाय ते चालतच नाही."

हे खरे नाही, आणि खरे नाही हे सिद्ध करणारे लोक जगात आहेत. २०१२ साली 'पेबल' नावाचे घड्याळ निघाले. लोकांनीच आगाऊ वर्गणी भरून एक कोटी डॉलरच्या वर भांडवल उभे केले. चार वर्षांत कंपनी बुडाली, दुसरीने तिची चीजवस्तू घेतली, आणि जून २०१८ अखेर तिचे संगणक बंद झाले. लाखो चालती घड्याळे अर्धी मुकी होणार. तेव्हा घालणाऱ्यांपैकीच काही जाणकार एकत्र आले, 'रेबल' नावाने त्यांनी स्वतःचे संगणक उभे केले आणि घड्याळे बोलती ठेवली. आमच्या दृष्टीने ही युनियनच. दुसरे उदाहरण 'गॅजेटब्रिज' या अ‍ॅपचे. स्वयंसेवकांनी लिहिलेले, फुकट, आणि आतली रचना सर्वांना उघडी. ते अनेक कंपन्यांच्या घड्याळांशी जोडी जमवते. कंपनीत खाते उघडावे लागत नाही, आणि नोंद मोबाईलमध्येच राहते. आमच्या पोराने ते घालून पाहिले, त्या केळ्याच्या घड्याळावर नव्हे, दुसऱ्या बऱ्या घड्याळावर. चालते. दिसायला रुक्ष आहे, पण चालते.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी भराभर सांगतो. स्वस्त मोबाईल बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेले अ‍ॅप परस्पर बंद करतात, जोडी तुटते, आणि कामगाराला वाटते घड्याळ बिघडले. जोडी तुटली आहे हे अ‍ॅपने तत्काळ सांगावे, आणि परत जुळल्यावर घड्याळात साठलेली नोंद गमावू नये. अक्षर मोठे हवे. मराठी हवी, तीही माणसांची; 'तुमचे ध्येय साध्य करण्यासाठी सक्रिय व्हा' असली नको. नवी आवृत्ती आली की जुनी बटणे जागा बदलतात, ते कृपा करून थांबवावे.

गेल्या बैठकीत ऐच्छिकतेची आणि मराठीची मागणी मान्य झाली. नोंद मोबाईलमध्ये ठेवण्याचे कलम 'विचाराधीन' आहे. विश्रांतीच्या नाडीचे कलम त्यांनी साफ नाकारले. उत्पादन घटेल म्हणतात. आम्ही त्यांना एक महिना एकाच भट्टीवर करून पाहा असे सुचवले आहे. त्यासाठी गॅजेटब्रिजसारख्या उघड्या अ‍ॅपमध्ये ते अर्ध्या मिनिटाचे बटण कोणीतरी बसवून द्यावे लागेल, आणि आमच्यात ते येणारे कोणी नाही.

या सभागृहात मागच्या बाजूला कॉलेजातली मुले बरीच उभी आहेत. त्यांच्यापैकी कोणाला अ‍ॅप लिहिता येत असेल तर त्यांनी आमच्या कार्यालयात यावे. मार्केट यार्डाच्या मागच्या दारासमोर, पिठाच्या गिरणीवर, पहिला मजला. संध्याकाळी सहानंतर आम्ही असतो. चहा आमचा. तपासून पाहायला मनगटे हवी तितकी मिळतील : गोंदलेली, भाजलेली, रात्रपाळीची. मावशींनीही येण्याचे कबूल केले आहे.